हातचा

व्हर्लिन स्ट्राउडच्या गॅरेजात गाडी कधीच नव्हती.
फळ्या होत्या, फळ्यांवर डबे, डब्यांत लाकडाचा भुसा,
आणि भुशात किंगस्नेक: काळे, पांढऱ्या पट्ट्यांचे,
ज्यांना जेवायला दुसरा सापही चालतो.
चौदाव्या वर्षी मी तिथे पाण्याच्या वाट्या विसळायचे,
तासाला सहा डॉलर, वर चावे फुकट.

पांढरा एकच होता.
ऑइलडेलच्या मागच्या टेकडीवर, बंद पडलेल्या पंपापाशी
पत्रा उचलला तेव्हा सापडलेला.
काळ्याच्या जागी फिकट गुलाबी, डोळे डाळिंबाचे दाणे.
आणि पांढरी एकच होती, तिकडे डेलानोला,
शाळेतल्या नर्सबाई कोंचा आर्रेओला यांच्याकडे,
द्राक्षमळ्याच्या पाटाकाठी मिळालेली.

हिशेब सोपा.
रंग नसणं हा सुप्त गुण, आईकडून एक, बापाकडून एक,
दोन्ही जुळले तरच उघड्यावर येतो.
पांढऱ्याला पांढरी दिली की पिल्लं पांढरीच.
व्हर्लिनने ती अंड्यांआधीच विकली होती मनात;
त्या पैशांत एसी बसला, ट्रकचा क्लच बदलला.

हिवाळाभर दोघांना थंडीत निजवलं.
मार्चमध्ये आधी पोटभर उंदीर, मगच भेट,
कारण या जातीत नवरी नवऱ्याला गिळू शकते.
"मला नसता जमला एवढा संयम," कोंचाबाई म्हणाल्या.

जूनमध्ये नऊ अंडी.
चौसष्टाव्या रात्री पहिल्याला चीर गेली
आणि चिरेतून नाक आलं.
काळं.
सकाळपर्यंत नऊच्या नऊ काळी, पट्ट्यापट्ट्यांची,
रस्त्याकडेला कुणालाही दिसतील अशी.

व्हर्लिन फोनवर जे बोलला ते मी लिहीत नाही.
मतितार्थ असा, की तिची पांढरी
आधीच कुणा काळ्याकडे जाऊन आली होती;
माद्या बीज राखून ठेवतात महिनोन्महिने,
हे काय त्याला ठाऊक नव्हतं?

तासाभराने नर्सबाईंची गाडी दारात.
त्यांनी एकेक पिल्लू पाहिलं, चष्मा कपाळावर चढवून,
विजेच्या बिलामागे एक चौकट काढली, खोडली.
म्हणाल्या, "तू चाळीस वर्षं तेलाच्या पाइपावर होतास ना?
एका ओळीत दोन व्हॉल्व्ह.
माझीचा पहिला बंद, तुझ्याचा दुसरा.
दोघांकडे नळ कोरडाच.
पिल्लांना पहिला उघडा मिळाला तुझ्याकडून,
दुसरा माझ्याकडून."

म्हणजे पांढरं एक नव्हतंच.
दोन होती, एकसारखी दिसणारी.
बेरजेत म्हणतात ना, तेराचे तीन, हातचा एक,
तशी ही पिल्लं. मांडलेलं उत्तर काळं,
हातचे दोन,
आणि ते कुठेच लिहिलेले नाहीत.

व्हर्लिनने माफी मागितली नाही.
कॉफी केली. बाईंना साखर लागायची,
ती शेजारून आणली, स्वतः जाऊन, अनवाणी.

आता याच भावंडांची जोडी लावायची तीन वर्षांनी.
सोळांत नऊ काळी, सात पांढरी,
आणि त्या सातांत कुणाचं पांढरं कुठल्या बाजूचं
ते डोळ्यांना कळणार नाही.
व्हर्लिन तेव्हा एकाहत्तरचा.
त्याने बोटांवर काहीतरी मोजलं, जोडी ठेवून घेतली.

उरलेल्यांतलं एक ऑक्टोबरात गेलं.
ओटिस नावाचा मुलगा, आठ-नऊ वर्षांचा, आजोबांबरोबर आलेला.
"साधा हवाय," म्हणाला, "पांढरे आजारी वाटतात."
वीस डॉलर. कापडी पिशवीला गाठ.
व्हर्लिनचं तोंड उघडलं, मिटलं.
मुलगा पिशवी छातीशी धरून गाडीत बसला,
पिशवी हळूहळू आकार बदलत होती.

व्हर्लिनने वहीत तारीख घातली, रक्कम घातली,
पुढे लिहिलं: साधा.
पेन थोडा वेळ तिथेच टेकलेलं.
मी वाट्या विसळत राहिले.